वाचनालयाची वेबसाइट नव्या वर्डप्रेसवर नेली, त्या चार महिन्यांची हकीकत

11 जून 2024 ला सकाळी आमच्या माजी कार्यवाहांनी व्हॉट्सॲपवर एका ईमेलचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, हे काय आहे बघा. मला वाटतं वाचनालयाचं आहे." ईमेल आमच्या होस्टिंग कंपनीचा होता, म्हणजे जिच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवलेली असते तिचा. आमची वेबसाइट पीएचपी 5.6 वर चालते, ही आवृत्ती 31 ऑगस्टला सर्व्हरवरून काढली जाईल, त्याआधी नवी निवडा, एवढाच मजकूर. वर्डप्रेस म्हणजे आमची वेबसाइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर आणि पीएचपी म्हणजे ते ज्या भाषेत लिहिलं आहे ती भाषा, इतपत मला माहीत होतं. 5.6 ला तिच्या कर्त्यांनी 2018 च्या अखेरीसच सोडून दिलं होतं, हे त्या दिवशी कळलं.

मी प्रोग्रॅमर नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची सहकार्यवाह आहे. माझ्यासारखंच कुणीतरी दुसऱ्या एखाद्या संस्थेत असाच ईमेल बघत बसलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमची वेबसाइट 2012 ची. तेव्हाच्या एका उत्साही सभासदाने ट्वेंटी इलेव्हन या थीमवर, म्हणजे वेबसाइटच्या तयार रूपावर, ती उभी केली आणि नोकरीसाठी तो परदेशी गेला. वर एक लांबट फोटो, उजवीकडे पट्टी, मधोमध बातम्या. वर्डप्रेस 4.9 वर अडकलेलं. का अडकलं, तर डिसेंबर 2018 मध्ये 5.0 आलं, त्याबरोबर लिहिण्याची खिडकीच बदलली, आणि कुणीतरी आमच्या ग्रंथपाल बाईंना सांगितलं की ते घेतलं तर सगळं बिघडतं. त्यांनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: "अपडेट दाबू नये." ती चिठ्ठी साडेपाच वर्षं तिथेच होती. क्लासिक एडिटर नावाचं अधिकृत प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं पूरक सॉफ्टवेअर) टाकलं की नव्या आवृत्तीतही जुनी खिडकी मिळते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

14 जुलैला, रविवारी, कार्यकारिणीची सभा झाली. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली होती: 60,000, 38,000 आणि 22,500 रुपये. आमचं वाचनालय ‘ब’ वर्गातलं. अनुदान पगार, ग्रंथखरेदी आणि वीजबिलात संपतं. वेबसाइटला जमाखर्चात वेगळं शीर्षसुद्धा नाही, ती ‘किरकोळ’मध्ये बसते. कोषाध्यक्षांनी चष्मा काढून सगळ्यांकडे पाहिलं. मग मीच म्हणाले, मी करून बघते. त्यात धाडसापेक्षा अज्ञान जास्त होतं. ठराव मंजूर झाला, इतिवृत्तात "मोफत" हा शब्द आवर्जून घातला गेला.

पहिले तीन आठवडे वेबसाइटला हातच लागला नाही, कारण किल्ल्याच आमच्याकडे नव्हत्या. होस्टिंगचं खातं माजी कार्यवाहांच्या नावावर, ते आता नाशिकला मुलाकडे राहतात. ओटीपी जायचा त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर. कंपनीने मालकीबदलासाठी लेटरहेडवर अर्ज, ठरावाची खरी प्रत, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन मागितलं. पहिल्यांदा आम्ही प्रमाणपत्राच्या एकाच पानाचं स्कॅन पाठवलं म्हणून अर्ज परत आला. एकूण 19 दिवस गेले. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, दुसऱ्याच कंपनीकडे, पण तिथला पासवर्ड माजी कार्यवाहांच्या डायरीत होता, म्हणून ते काम एका फोनवर झालं. डोमेनच्या नोंदीतलं नाव किंवा ईमेल बदलला की साधारणपणे 60 दिवस ते दुसऱ्या कंपनीत हलवता येत नाही. आम्हाला हलवायचं नव्हतं म्हणून निभावलं. ज्यांना दोन्ही करायचं आहे त्यांनी आधी हलवावं, मग नाव बदलावं.

बॅकअपचीही गंमत झाली. वर्डप्रेसच्या ‘टूल्स’मध्ये ‘एक्स्पोर्ट’ असतं, त्यातून एक एक्सएमएल फाइल मिळाली, 11 एमबीची. मी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि पुण्यात असलेल्या भाच्याला ऐटीत सांगितलं.

"मावशी, त्यात फोटो नाहीत."

"असं कसं? नोंदी सगळ्या आहेत."

"नोंदी आहेत. फोटो कुठे आहेत त्याचा पत्ता आहे. फोटो नाहीत."

म्हणजे खरा बॅकअप तीन गोष्टींचा: सगळा डेटाबेस (नोंदींचा मजकूर आणि सेटिंग्ज), ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ नावाचं सगळं फोल्डर (फोटो, थीम, प्लगइन), आणि जुन्या रचनेचे स्क्रीनशॉट. तिसरी गोष्ट कुठल्याही मार्गदर्शकात मला दिसली नव्हती, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त कामाला आली. फोटो 2.3 जीबी निघाले. वाचनालयाच्या इंटरनेटवर उतरवायला दोन रात्री लागल्या. 64 जीबीचा पेनड्राइव्ह 480 रुपये.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सबडोमेनवर, म्हणजे आमच्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर, वेबसाइटची सरावाची प्रत केली. मूळ वेबसाइटवर थेट प्रयोग करू नका, हे भाच्याचं पालुपद होतं. क्रम महत्त्वाचा आहे. वर्डप्रेस 4.9 पीएचपी 8 वर चालत नाही आणि नवं वर्डप्रेस पीएचपी 5.6 वर चालत नाही. मधे एक पायरी लागते. आधी पीएचपी 7.4 केलं, मग वर्डप्रेस 6.6 वर नेलं (ते नुकतंच जुलैमध्ये आलं होतं), आणि शेवटी पीएचपी 8.2. पहिल्या दोन पायऱ्या अर्ध्या तासात झाल्या. तिसरीला रात्री अकरा वाजता पडदा पांढरा झाला आणि त्यावर एकच ओळ: या वेबसाइटवर गंभीर त्रुटी आली आहे, सूचनांसाठी प्रशासकाचा ईमेल पाहा.

प्रशासक मीच ना? माझ्या ईमेलवर काही नाही. स्पॅममध्ये नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी नाशिकहून फोन: "ताई, तुमची वेबसाइट मला रात्री काहीतरी सांगत होती." सेटिंग्जमधला प्रशासकाचा ईमेल 2012 पासून त्यांचाच होता! 5.2 पासून वर्डप्रेस अशा वेळी एक खास दुवा पाठवतं, त्यावरून आत शिरून दोषी प्लगइन बंद करता येतं. तो दुवा नाशिकला पोहोचला होता. तोवर भाच्याने दुसरा उपाय सांगितला होता: होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन संशयित प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलायचं, की ते आपोआप बंद पडतं. दोषी होतं एक फोटो सरकवणारं प्लगइन, 2014 नंतर कुणी हात न लावलेलं. तेव्हा सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रशासकाचा ईमेल पाहा. बदललात तर नव्या पत्त्यावर पुष्टीचा दुवा येतो, तो दाबेपर्यंत जुनाच पत्ता चालू राहतो.

आता जुनं आणि नवं यांतला खरा फरक.

जुनी लिहिण्याची खिडकी म्हणजे एक मोठी रिकामी पेटी. वर ठळक-तिरपं-यादी अशी बटणं, खाली मजकूर. शाळेच्या वहीसारखी. आजूबाजूचं सगळं, म्हणजे शीर्षक, पट्टी, तळटीप, थीमच्या ताब्यात. तुम्ही पानात लिहायचं, बाइंडिंग करणारा वेगळा. नव्या खिडकीत प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक फोटो, प्रत्येक मथळा हा सुटा ठोकळा. एंटर दाबलं की नवा ठोकळा. वर-खाली सरकवता येतो, रंगवता येतो, शेजारी-शेजारी मांडता येतो. पहिले चार दिवस माझी नुसती चिडचिड झाली. बटणांची पट्टी मजकुरावरच येऊन बसायची. (ती कायमची वर चिकटवण्याची सोय उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत आहे. हे मला पाचव्या दिवशी सापडलं.)

एक गोष्ट मराठीतून टाइप करणाऱ्यांसाठी. नवा ठोकळा आणायचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे तिरकी रेघ टाइप करून ठोकळ्याचं नाव लिहिणं. पण इनस्क्रिप्ट कळफलकावर त्या कळीवर ‘य’ आहे. मी रेघ म्हणून दाबत राहिले आणि पानभर ‘य य य’ उमटलं. प्रत्येक वेळी कळफलक बदलण्यापेक्षा डावीकडचं अधिकचं चिन्ह दाबणं बरं.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपवरून चिकटवण्याची. आमच्या सगळ्या सूचना आधी तिथे जातात, तारांकनं घालून ठळक केलेल्या. नव्या खिडकीत चिकटवल्यावर परिच्छेद छान सुटे होतात, जुन्या खिडकीत ते कधीच नीट व्हायचे नाहीत, पण तारांकनातले शब्द ठळक न होता तिरपे झाले. देवनागरी तिरपी केली की कशी दिसते ते पाहिलेल्यांना सांगायला नको.

जुन्या नोंदी 412 होत्या. मला वाटलं होतं, त्या सगळ्या नव्या पद्धतीत ‘बदलाव्या’ लागतील. लागत नाहीत. जुनी नोंद नव्या खिडकीत उघडली तर ती ‘क्लासिक’ नावाच्या एकाच ठोकळ्यात अखंड बसलेली असते आणि वाचकाला पूर्वीसारखीच दिसते. ‘ठोकळ्यांत रूपांतर करा’ असं बटण असतं. मी हौसेने चाळीस नोंदी रूपांतरित केल्या आणि त्याच रविवारी पस्तावले. कवितांच्या ओळींची मांडणी विस्कटली, 2013 च्या पुस्तकयादीच्या तक्त्यावर "या ठोकळ्यात अनपेक्षित मजकूर आहे" असा ताशेरा आला. कवितेसाठी वेगळा ठोकळा आहे, त्यात मोकळ्या जागा आणि ओळी जशाच्या तशा राहतात, हे नंतर कळलं. उरलेल्या 372 ना मी हात लावलेला नाही. तुम्हीही लावू नका. एखादी दुरुस्त करायची वेळ आली तर तेवढीच बदला.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, नुसत्या पीएचपीसाठी थीम बदलायची गरजच नव्हती. ट्वेंटी इलेव्हन नव्या वर्डप्रेसवरही चालते. आमची अडचण अशी की तिच्या मूळ फायलींतच कुणीतरी हाताने फेरफार केले होते, थीम अपडेट केली की ते पुसले जाणार. शिवाय मुखपृष्ठावरची एक सूचना बदलायलासुद्धा परदेशी फोन लावायला लागायचा. म्हणून ट्वेंटी ट्वेंटी-फोर घेतली. ती ठोकळ्यांची थीम आहे, म्हणजे शीर्षक, पट्टी, तळटीपसुद्धा ठोकळेच. बाइंडिंगही आता आपल्याच हातात.

थीम बदलली आणि डावीकडच्या यादीतून ‘विजेट्स’ (पट्टीत मांडायच्या पेट्या) आणि ‘मेनू’ गायबच झाले. त्यांच्या जागी ‘एडिटर’ नावाचं एकच दार. छातीत धस्स झालं. मेनू परत मिळाला, नव्या नेव्हिगेशन ठोकळ्यात जुना मेनू ओढून घेता येतो. उजवी पट्टी मात्र नव्याने मांडावी लागली, आणि तिथे ते स्क्रीनशॉट उपयोगी पडले. काय काय होतं त्या पट्टीत! घड्याळ, पंचांग, वाचकसंख्येचा आकडा, दोन मेलेल्या ब्लॉगांचे दुवे, आणि वर ‘हार्दिक स्वागत’ म्हणून सरकणारी ओळ. मी सगळं काढून फक्त वेळा, सूचना आणि नवीन पुस्तकं ठेवली. सरकत्या ओळीवर कार्यकारिणीत चाळीस मिनिटं चर्चा झाली. अध्यक्ष म्हणाले, "बाकी तुम्ही काहीही करा, पट्टी सरकली पाहिजे." एचटीएमएलच्या (वेबपानांच्या मूळ भाषेच्या) ठोकळ्यात ओळ सरकवणारा तो जुनापुराणा टॅग टाकला. तो प्रमाणातून कधीच बाद झाला आहे, पण ब्राउझर अजून चालवतात. पट्टी सरकते.

नव्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा आणि सगळ्यात मोठा धोका एकच. तळटीपेतला फोन नंबर एकदा बदलला, सगळ्या पानांवर बदलला. आणि एका संध्याकाळी ‘आमच्याविषयी’चं पान सुधारतेय असं समजून मी मथळ्याची पट्टी उडवली, तर ती सगळ्या पानांवरून उडाली, कारण मी पान नव्हे तर पानाचा साचा उघडून बसले होते. साच्याला ‘रीसेट’ असतं, थीमचं मूळ रूप परत येतं, पण आपण केलेले इतर बदलही त्याबरोबर जातात. काही करण्याआधी वरच्या पट्टीत काय लिहिलंय, पान की साचा, ते वाचायची सवय मी आता लावून घेतली आहे.

अक्षरांवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि मला त्याचा खेद नाही. या थीमबरोबर येणाऱ्या फॉन्टांत देवनागरी नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या फोनवर जे असेल ते दिसतं. 6.5 पासून वर्डप्रेसमध्ये फॉन्ट लायब्ररी आहे, तिथूनच गूगल फॉन्ट्समधले फॉन्ट आपल्या वेबसाइटवर बसवता येतात. मजकुराला मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घेतला, मथळ्यांना ‘तिरो देवनागरी मराठी’. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ आपल्या शाळेतल्या वळणाचा आहे. हिंदी वळणाचा ‘ल’ पाहून ग्रंथपाल बाईंना होणारा त्रास संपला. दोन पथ्यं: ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला धडकते, आणि मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर देऊ नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजीला शोभतं ते आपल्या लिपीला फाडतं.

नोंदींच्या वेब-पत्त्यांचंही बघा. मराठी शीर्षकाची नोंद केली की तिचा पत्ताही मराठीत तयार होतो, पण आतमध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाचे नऊ-नऊ होतात, काना-मात्रासुद्धा वेगळी धरून, आणि मर्यादा 200 ची. म्हणजे साधारण 22 चिन्हांत पत्ता तुटतो. आमच्या ‘मराठी भाषा गौरव दिनानिमित्त काव्यवाचन’चा पत्ता ‘मराठी-भाषा-गौरव-दिनानिमि’ इथेच संपतो. पुढच्या वर्षीच्या नोंदीला तोच, फक्त शेवटी 2. जुने पत्ते मी तसेच ठेवले, कारण लोकांच्या व्हॉट्सॲपवर ते फिरताहेत. नव्या नोंदींना छोटे पत्ते हाताने देते.

25 ऑगस्टला, रविवारी, मुदतीच्या सहा दिवस आधी, सरावाची प्रत मूळ जागी नेली. दुपारी तीनला सुरू केलं, साडेसातला चहा घेतला. सगळं ठीक. मग सप्टेंबरच्या मध्यावर एक सभासद म्हणाले, गूगलवर आपलं वाचनालय सापडेना. सरावाच्या प्रतीवर मी ‘शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये’ या चौकोनात खूण केली होती. ती खूण प्रतीबरोबर मूळ जागी आली होती. अनंत चतुर्दशीला, बाहेर ढोल वाजत असताना, मी ती काढली. पुन्हा दिसू लागायला दहा-बारा दिवस लागले.

ग्रंथपाल बाईंना शिकवायला दोन संध्याकाळी पुरल्या. त्यांना ठोकळे माझ्याहून लवकर जमले, कदाचित कार्डांची कपाटं हाताळायची सवय असल्यामुळे. त्यांच्यासाठी ‘नवीन पुस्तकं’चा एक नमुना करून ठेवला, दर महिन्याला तोच घ्यायचा, नावं बदलायची. सप्टेंबरची यादी टाकली तर ऑगस्टच्या नोंदीतही सप्टेंबरचीच पुस्तकं! मी तो नमुना ‘सिंक’ केलेला ठेवला होता, म्हणजे एकीकडे बदललं की सगळीकडे बदलणार. फोन नंबरसाठी तसा ठेवावा, यादीसाठी नाही. ऑगस्टची यादी बाईंनी दाखलनोंद वहीतून पुन्हा लिहिली, माझ्याकडे न बघता.

औपचारिक उद्घाटन 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, संध्याकाळी पाच वाजता ठेवलं होतं. साडेतीनला विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली आणि प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. बाईंनीच कळ दाबली. पट्टी सरकली, अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

खर्च: होस्टिंगचं वार्षिक नूतनीकरण जीएसटीसह 5,310 (ते एरवीही भरायचंच होतं), पेनड्राइव्ह 480, नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती आणि स्कॅन 60, उद्घाटनाचे पेढे 700. पेढ्यांची पावती नव्हती, ती कोषाध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून घातली.

मॉनिटरवरची चिठ्ठी बाईंनी काढलेली नाही. तिच्यात पेनने एक शब्द घातला आहे: "बॅकअपशिवाय अपडेट दाबू नये." नोव्हेंबरमध्ये 6.7 आलं, बरोबर ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह नावाची नवी थीम. बाईंनी विचारलं, ही पण घ्यायची का? मी म्हटलं, वर्डप्रेस घ्या, थीम राहू द्या.

होस्टिंगची पावती मात्र अजून नाशिकलाच जाते. बिलाचा ईमेल बदलायला त्यांच्याकडे वेगळा अर्ज असतो, तो डिसेंबरात दिला आहे.